वरची वात

“बघ रे ललित, तुझी आई मला डोळा मारतेय!”

हे इतक्या मोठ्यानं हसले की ताटातला पापड हलला. मेल्विनभाऊंनी टाळीसाठी हात पुढे केला. “क्या बात है, डिगू! या वयात! वहिनी, जरा आमच्याकडे पण बघा की.”

मी डोळा मारत नव्हते. एक डोळा घट्ट मिटून मी बोटानं ललितकडे दाखवत होते. तोंड उघडता येत नव्हतं. चातुर्मास चालू होता आणि चातुर्मासात दुपारच्या जेवणाला मौन हा माझा लग्नाच्या आधीपासूनचा नेम. पहिला घास तोंडात गेला की हात धुवेपर्यंत शब्द नाही. मध्येच बोललं तर ताटावरून उठायचं आणि त्या दिवशी पुन्हा अन्नाला शिवायचं नाही. घरात सगळ्यांना सवय होती. मी ‘हूं हूं’ करून खूण केली की बापलेक पैज लावल्यासारखे ओळखायचे. मीठ. ताक. दार वाजतंय. मांजर शिरलं.

त्या दिवशी मात्र ह्यांना ओळखता आलं नाही, मेल्विनभाऊंनाही नाही. ललितला आलं. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि कुणाच्या लक्षात येणार नाही इतकीच मान हलवली. नको, म्हणाला.

आम्ही भुसावळला राहत होतो, रेल्वे कॉलनीच्या मागच्या आळीत. हे लोको शेडमधून निवृत्त झालेले. दिगंबर नारखेडे म्हटलं की जुन्या लोकांना शेड आठवत नसे, बॉक्सिंग आठवे. तरुणपणी रेल्वेचे हेवीवेट होते हे. मेल्विन डिक्रूझ त्याच वजनातले, गार्ड म्हणून निवृत्त झालेले. एकेकाळी दोघांनी एकमेकांना रिंगणात झोडपलं आणि पुढे जन्मभर एकमेकांशिवाय करमलं नाही. मेल्विनभाऊंची बायको गेल्यापासून रविवारचं जेवण आमच्याकडे. आणि रविवारचं जेवण म्हटलं की एकच भांडण: जुने बॉक्सर भारी की आजचे?

“दादा, तुमचा मार्सियानो पंच्याऐंशी किलोचा,” ललित म्हणत होता. “आणि आमचा क्लिट्स्को एकशे दहाचा, उंची दोन मीटरला जरा कमी. त्याच्या काखेत मावेल तुमचा मार्सियानो.”

“मावू दे! काखेतून मारला असता त्यानं. एकदाही हरला नाही तो माणूस. एकदाही! आणि पंधरा राउंड, ललित. पंधरा. तुमचे आजचे आठव्या राउंडपासून मिठ्या मारायला लागतात, लग्नातल्या व्याह्यांसारखे.”

“जो लुईस,” मेल्विनभाऊ म्हणाले. “बस. मी दुसरा नाव घेत नाय. माझ्या डॅडीने त्याची फाइट रेडिओवर ऐकली होती.”

“रेडिओवर ऐकून काय कळतं, अंकल?”

“आवाज कळतो, आवाज! आजच्या पंचला आवाजच नाय. सगळी नुसती मापं. हा एवढा किलो, तो एवढा मीटर. बॉक्सर हाय का सागवान?”

हे खूश झाले. नेहमीप्रमाणे चौरंगावर ताट घेऊन, मान उजवीकडे थोडी कलती करून बसले होते. ह्यांची ती कलती मान सगळ्या भुसावळला ठाऊक होती. समोरच्याला वजनात तोलतायत असं वाटायचं. आमच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा ती तशीच आहे. माझा भाऊ म्हणाला होता, “जावईबापूंची ऐट बघ, फोटोग्राफरलाही दम देतात.” चौरंगावर ताट हीही त्यांची तशीच एक ऐट. सगळे पाटावर बसून खाली ताट घेणार, ह्यांना मात्र ताट छातीशी लागे. देवासमोर उभे राहिले तरी मान तिरकीच. मी रोज म्हणे, “देवासमोर तरी मान सरळ ठेवा हो.” हे म्हणत, “माझा देवच तिरका आहे, त्याला मी काय करू?”

“माझी आणि मेल्विनची फायनल,” ह्यांनी बोटं चाटत सुरुवात केली. आम्हा सगळ्यांची पाठ असलेली गोष्ट. “अंगात ताप. डोक्याला टोपी नाही, काही नाही. तिसरा राउंड. ह्याचा उजवा असा आला कानशिलावर, की रेल्वे इन्स्टिट्यूटच्या हॉलमधले दिवे एकदम दुप्पट झाले! मी म्हटलं, वा, साहेबानं खर्च केला वाटतं. तरी उभा राहिलो. आणि जिंकलो. हे असं होतं तेव्हा, ललित. आजकाल नाकाला घाम आला तरी डॉक्टर लागतो.”

ललित हसला. मेल्विनभाऊ या ठिकाणी कधीच हसत नसत, ताटाकडे बघत. हरल्याचं अजून लागतं, असं मला वाटे.

त्या हसण्याच्या मध्येच ललितनं ठेच्यासाठी हात पुढे केला आणि त्याचं बोट ताटाच्या काठावर, ठेच्याच्या चांगलं बोटभर खाली टेकलं. त्यानं पटकन एक डोळा मिटला आणि मग ठेचा उचलला. ताकाच्या वाटीलाही तसंच. पुन्हा डोळा मिटला, मग हात गेला. आणि मान कलती केली. अगदी बापासारखी. दोनच दिवसांपूर्वी शेजारच्या कोल्हेबाई म्हणाल्या होत्या, “पोरगं अगदी बापावर गेलं हो, मानसुद्धा तशीच धरायला लागलं.” मी कौतुकानं मीठमोहऱ्या उतरवून टाकल्या होत्या.

घास माझ्या हातातच राहिला. एक डोळा मिटून मी ललितकडे बोट दाखवलं ते तेव्हाच.

ताटं घेऊन ललित स्वयंपाकघरात आला तेव्हा मी हात धुतले होते.

“काय होतंय तुला?”

“हळू बोल.”

“मी कधी मोठ्यानं बोलते?”

तो ओट्याला टेकला. सहा फुटांहून उंच पोरगं, दारातून येताना वाकणारं, पण त्या क्षणी मला ते पाळण्यातलं दिसलं. जळगावला जिल्ह्याची स्पर्धा झाली होती, त्यात कुणा पोराचा ठोसा ह्याच्या कानशिलावर बसला होता. त्याच साली पुरुषांच्या बॉक्सिंगमधली डोकं वाचवणारी जाड टोपी काढून टाकायचा नवा नियम आला होता. ललित उघड्या डोक्यानं लढला आणि जिंकला. ह्यांनी आळीभर पेढे वाटले होते. ‘आता खरं बॉक्सिंग परत आलं,’ म्हणत होते.

“तेव्हापासून कधीकधी एकाची दोन दिसतात,” ललित म्हणाला. “आणि डोकं जड होतं. जाईल, आई. सूज असेल.”

“मी दादांना सांगते.”

“नाही!” त्यानं माझा ओला हात धरला आणि आपल्या डोक्यावर ठेवला. “माझी शपथ आहे तुला. दादांना सांगायचं नाही. मेल्विन अंकलना नाही, कुणालाच नाही. पुढचा रविवार होऊ दे.”

पुढच्या रविवारी इन्स्टिट्यूटच्या हॉलमध्ये निवड चाचणी होती, खेळाडूंच्या जागेवर रेल्वेत घेण्यासाठी. ललितचं वय निघून चाललं होतं. ही संधी गेली तर पुढची मिळणार नव्हती.

“हात सोड, ललित. शपथ सोड.”

“रविवारी संध्याकाळी सोडीन.”

वाचणाऱ्याला हे पोरकट वाटेल. मला वाटत नव्हतं, आजही वाटत नाही. मोडलेली शपथ मोडणाऱ्याला लागत नाही. ज्याच्या डोक्यावर हात असतो त्याला लागते. माझ्या मावशीनं आपल्या थोरल्याच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेली शपथ मोडली होती, आणि त्याच पंधरवड्यात तो विहिरीवर पोहायला गेला तो परत आला नाही. योगायोग असेल. पण मी तेव्हा आठ वर्षांची होते आणि योगायोग हा शब्द मला कुणी शिकवलेला नव्हता. मावशी ओट्यावर बसून आपल्या तळहाताकडे बघत राहायची, एवढं मात्र मी पाहिलेलं आहे.

म्हणजे बोलले तर माझ्या हातून त्याचा जीव जाणार, आणि नाही बोलले तर रविवारी रिंगणात जाणार. देव्हाऱ्यातल्या मनुदेवीसमोर बसले तरी पोथीतली अक्षरं पुढे सरकत नव्हती. एकच ओळ मी पुन्हा पुन्हा वाचत होते आणि कान अंगणाकडे होते.

अंगणात पेरूच्या झाडाला ठोसे मारायची बॅग टांगलेली होती. धप्प. धप्प. एरवी तो आवाज मला घड्याळासारखा झाला होता, ऐकूही यायचा नाही. त्या आठवड्यात प्रत्येक आवाज मी मोजत होते. मध्येच आवाज चुकायचा. ठोसा बॅगेच्या कडेवरून घसरायचा.

“नजर कुठे आहे तुझी?” हे ओरडायचे. “पायाकडे बघ! पाय कुठे पडतोय बघ!”

ललितनं खाली बघितलं आणि सपाट अंगणात तो ठेचकाळला.

“वा! क्लिट्स्को आडवा!” हे म्हणाले. “मार्सियानोनं हातही लावला नाही.”

ललित हसला. तेच मला बघवत नव्हतं. त्याला हसावं लागत होतं.

मी एकदा धीर करून म्हटलं, “सर्दी झाल्यासारखी वाटतेय त्याला. डॉक्टरांना दाखवून आणू का?”

“सर्दी!” ह्यांनी वर्तमानपत्र डोळ्यांसमोर उंच धरलं होतं, त्याच्या मागूनच बोलले. “जबडा मोडलेला असताना लढलीयत माणसं, ललितच्या आई. जबडा! सर्दीला कुठे घेऊन बसलीस?”

ललित दारात उड्यांची दोरी गुंडाळत उभा होता. त्यानं ते ऐकलं, मी त्याच्याकडे बघितलं आणि त्यानं पुन्हा तशीच मान हलवली.

गच्चीवर तो व्यायामाला जायचा, तेव्हा मी वाळवण घालायचं निमित्त करून मागोमाग जाई. वर चढताना काही नसे. उतरताना मात्र तो भिंतीला हात लावून, प्रत्येक पायरी आधी पावलानं चाचपून मगच भार टाकायचा. मी त्याच्यापुढे एक पायरी उतरायची. तो पडला असता तर माझ्यानं त्याला कुठे सावरता आलं असतं? तरीही पुढेच चालायची. खालच्या पायरीवर एकदा हे भेटले. हेही वर यायला निघाले होते, भिंतीला हात लावून. दोघं बाजू देत थांबले. “काय रे म्हाताऱ्या?” हे त्याला म्हणाले. मला वाटलं आता बघतील. नाही बघितलं.

गुरुवारी त्याला उलटी झाली. “काल शेवभाजी जास्त झाली,” म्हणाला. मी न्हाणीघर धुतलं आणि तिथेच बसून राहिले. माझा सगळा जन्म नेमानं गेला. तुळशीला पाणी, एक अध्याय, नंदादीप, मौन. एवढ्या वर्षांत देवाकडे मी काही मागितलं नव्हतं, नेम हा मागण्यासाठी नसतो. त्या दिवशी मागितलं. म्हटलं, मला बोलायला लावू नकोस. पण ह्यांना दिसू दे.

आणि मग तिथे, ओल्या फरशीवर बसल्या बसल्या माझ्या डोक्यात आलं. शपथ सांगण्याची होती. दाखवण्याची नव्हती.

शनिवारी तिन्हीसांजेला मेल्विनभाऊ आले. ललितला शुभेच्छा द्यायला चॉकलेटचा केक घेऊन आले होते, आणि केकवरून भांडण पुन्हा सुरू झालं होतं.

“वजन करायच्या आदल्या दिवशी केक! मेल्विन, तू कुणाच्या बाजूनं आहेस?”

“अरे, जो लुईस काय खायचा ठाऊक हाय तुला?”

“तुला ठाऊक आहे?”

“नाय. पण भूक मारून एवढा पंच येत नसतो.”

देवघर म्हणजे आमच्या बैठकीच्याच कोपऱ्यात, भिंतीला लागून ठेवलेला बुटका देव्हारा. रोज निरांजन देव्हाऱ्याच्या वरच्या पायरीवर असे. त्या दिवशी मी ते खाली ठेवलं, अगदी जमिनीलगत, रांगोळीच्या मधोमध. एकच फुलवात, तुपात भिजवलेली. आणि ललितला हाक मारली.

“आज दिवा तू लाव. उद्या तुझी लढत आहे.”

तो पाटावर बसला. काडेपेटी घेतली. त्यानं खाली बघितलं मात्र, त्याची मान हळूच उजवीकडे कलायला लागली. मी मागून दोन्ही हातांनी त्याचं डोकं धरलं आणि सरळ केलं.

“देवासमोर मान सरळ ठेवावी रे.”

“आई...” तो पुटपुटला. त्याला कळलं होतं.

“लाव.”

काडी पेटली. त्यानं ती खाली नेली आणि वातीच्या खाली, निरांजनाच्या पितळी बैठकीला टेकवली. जिथे काहीच नव्हतं तिथे. ती तशीच धरून ठेवली, पेटायची वाट बघत. मग जराशी हलवली. आणखी खाली. ज्योत रांगोळीवर आली. मागे मेल्विनभाऊंचं वाक्य अर्धंच राहिलं. काडी जळत जळत बोटांपर्यंत येत होती, त्याला ते दिसत होतं की नाही कोण जाणे. माझ्या ओठांवर नामसुद्धा येईना. एकच विचार होता, हा दिवा लागला नाही तर?

ह्यांचा हात माझ्या खांद्यावरून पुढे आला. त्यांनी ललितच्या बोटांतली काडी काढून विझवली. गुडघे धरून धरून ते त्याच्या शेजारी जमिनीवर बसले. नवी काडी पेटवली, त्याच्या हातात दिली आणि मनगट धरलं.

“दोन दिसतायत?”

ललितनं काडी घट्ट धरली.

“वरची खरी,” हे म्हणाले. “खालचीकडे बघू नको. ती नसतेच.”

आणि त्याचं मनगट धरून त्यांनी काडी वर आणली. वात लागली.

बाहेर कुठेतरी इंजिनाची शिट्टी झाली. ह्यांचा हात अजून ललितच्या मनगटावर होता, आणि त्या दिव्याच्या उजेडात त्यांची मान उजवीकडे कलली होती. फोटोत होती तशी. माझ्या लग्नात होती तशी.

“कधीपासून?” त्यांनी विचारलं.

“जळगावपासून.”

“आईला ठाऊक होतं?”

“मी शपथ घातली होती तिला.”

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं रागावतील. त्याआधी मीच विचारलं.

“वरची खरी हे तुम्हाला कसं कळलं?”

उत्तर मेल्विनभाऊंकडून आलं. ते खुर्चीत पुढे वाकून, आपला उजवा हात डाव्या हातात धरून बसले होते. “माझा हात हाय तो, वहिनी,” म्हणाले. “तिसऱ्या राउंडचा. दिवे दुप्पट झाले ते परत सिंगल झालेच नाय त्याचे.” आणि तो एवढा थोरला माणूस केकच्या खोक्यासमोर लहान मुलासारखा रडायला लागला. “मला गप्प राहायला सांगितला यानं. मी राहिलो.”

“आता तू थांब रे,” हे म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, ज्योतीकडे बघत सांगायला लागले. “इंजिनवर होतो तेव्हा. खाली बघितलं की दोन दोन रूळ दिसायला लागले. दुसऱ्याच दिवशी साहेबाला जाऊन खरं ते सांगितलं आणि उतरलो. शेडमध्ये काम दिलं त्यांनी. ऑफिसला खरं सांगितलं मी, ललितच्या आई. तुझ्या वडलांना नाही सांगितलं. सोयरीक मोडली असती. मग तुला सांगायचं राहिलं. मग मान अशी धरली की जमतं हे कळलं. मग लोक ऐट म्हणायला लागले. म्हटलं, ऐट तर ऐट.”

चौरंगावरचं ताट. उंच धरलेलं वर्तमानपत्र. जिन्यात भिंतीला लावलेला हात. एवढी वर्षं रोज मी त्या माणसाचं ताट उंच मांडत होते.

“मग उद्या काय करायचं?” ललितचा आवाज चिरका झाला होता. “उद्या नाही गेलो तर नोकरी गेली, दादा. तुम्हीही लढलातच ना? तुम्हीच म्हणता. जबडा मोडला तरी लढले. दिवे दुप्पट झाले तरी उभे राहिले. रोज म्हणता!”

“म्हणतो.”

“मग?”

ज्योत हलली तशी ह्यांनी तळहाताचा आडोसा धरला.

“दुसरं काय म्हणू मग?” ते म्हणाले. “त्या दिवशी मीच खाली बसायला पाहिजे होतं, असं म्हणू? एवढी वर्षं मूर्खासारखा उभा राहिलो म्हणून सांगू सगळ्यांना? मार्सियानो बरा पडतो, बाबा.”

ललितनं गुडघ्यांत डोकं घातलं. ह्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला, ठेवला म्हणजे थोपटायला गेले आणि हात खांद्यावर पडला, आणि तिथेच राहिला.

रविवारी इन्स्टिट्यूटच्या हॉलमध्ये ललितचं नाव पुकारलं तेव्हा मेल्विनभाऊ उठून उभे राहिले आणि नाव मागे घेतलं म्हणून सांगितलं. कुणी तरी मागून म्हणालं, आजकालची पोरं नाजूक. मेल्विनभाऊ त्या माणसाकडे गेले आणि म्हणे नुसते त्याच्या शेजारी बसून राहिले, सगळ्या लढती संपेपर्यंत. तो काही पुन्हा बोलला नाही.

आम्ही तेव्हा औरंगाबादेत होतो. डॉक्टरांनी फिल्म उजेडाला धरली. कवटीच्या आत रक्त साकळलं होतं. डॉक्टर तरुण होते, हळू बोलत होते. आज खेळणार होता का, त्यांनी विचारलं. हे हो म्हणाले. डॉक्टरांनी फिल्म खाली ठेवली आणि आम्हा दोघांना बसायला खुर्च्या आणायला सांगितल्या.

ऑपरेशनला न्यायच्या आधी त्यांनी ललितचं डोकं भादरलं होतं आणि त्यावर निळ्या शाईनं खुणा केल्या होत्या. मी गेले तेव्हा तो झोपेच्या गोळीनं अर्धवट झाला होता. ज्या डोक्यावर त्यानं माझा हात ठेवला होता ते डोकं मला ओळखू येईना. मी खुणा चुकवून, कडेकडेनं हात ठेवला. तिथे हात ठेवायचीसुद्धा भीती वाटत होती.

“ललित, शपथ सुटली म्हण.”

“तू सांगितलंस कुठे?” त्याची जीभ जड झाली होती. “दिवा लावायला सांगितलास फक्त.”

“तरी म्हण.”

“आई, तू पण ना...”

“म्हण रे.”

वॉर्डबॉयनं स्ट्रेचरगाडीचं चाक मोकळं केलं. दार उघडलं. मी गाडीबरोबर चालायला लागले, हात काढला नाही. नर्स म्हणाली, “आई, इथपर्यंतच.” मी काढला नाही. मावशीचा तळहात माझ्या डोळ्यांसमोर होता.

“सुटली,” तो म्हणाला. “सुटली गं.”

तेव्हा मी हात काढला. हे माझ्या मागे उभे होते. दार लागल्यावर ते मला म्हणाले, “तू आज जेवली नाहीस.” मी म्हटलं, “जेवायच्या वेळेला बोलले मी. आज नाही.” मग तेही जेवले नाहीत.

ललितची मान सरळ झाली. सहा-सात महिने लागले, पण झाली. रेल्वे मिळाली नाही. तो आता जळगावला एका शाळेत खेळ शिकवतो, आणि नियम काहीही असो, त्याच्या सरावात कुणाचंही डोकं उघडं दिसलं की तो घंटा वाजवून लढत थांबवतो. रविवारी येतो. मेल्विनभाऊ आता ऐकू कमी येतं म्हणून मोठ्यानं भांडतात. मार्सियानो अजून कुणाच्या तरी काखेत मावतो, जो लुईसचा आवाज अजून रेडिओवर येतो, आणि मी मौनात जेवते. फक्त दिवे दुप्पट झाल्याची ती एक गोष्ट त्या दिवसापासून आमच्या घरात कुणी सांगितलेली नाही.

संध्याकाळी आरतीला हे उभे राहतात. मान कलतीच असते. मी त्याबद्दल आता काही म्हणत नाही. निरांजन जरा उंच धरते.